दुसऱ्याच्या केसांचा नवस

नोन्थाबुरी
११ फेब्रुवारी, बुद्ध संवत २५४१

थावी,

काल तुझ्या बायकोचा फोन आला. वान्नी किराणावाल्याच्या दुकानातून फोन करते म्हणजे गोष्ट साधी नाही, हे मी तिच्या 'हॅलो'वरूनच ओळखलं. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावतोस, पाठ फिरवतोस आणि जिभेखाली गोळी धरतोस म्हणे. दिवसातून तीन-तीनदा. अरे, न्हाव्याच्या दुकानात चाळीस वर्षं काढलीस, आरशात पाठीमागचंही दिसतं एवढं कळत नाही का तुला?

बारा वर्षांपूर्वी इथे बँकॉकला तुझी छाती उघडली, तेव्हा डॉक्टर सोमनुक काय म्हणाले होते ते तू विसरला असशील, मी नाही विसरले. पायातली शीर काढून हृदयाला जोडलीय, दहा-बारा वर्षं चालेल, मग बघू. ते 'मग' आता आलंय. उद्याच्या उद्या हात याई शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जा आणि तपासून घे. 'दुकान कोण बघणार' असलं काही मला लिहू नकोस. पात्तालुंगच्या लोकांचे केस आठ दिवस वाढले म्हणून कुणी मरत नाही.

इथे बागेत दुरियानच्या झाडांना फुलं लागलीत. यंदा बरा बहर आहे. जेवत जा.

तुझी थोरली बहीण
लमय

•

पात्तालुंग
२७ फेब्रुवारी २५४१

लमयताई,

दोन्ही हात कपाळाला लावून नमस्कार. फोनचं म्हणशील तर वान्नीशी मी तीन दिवस बोललो नाही, मग भूक लागली म्हणून बोललो.

हात याईला जाऊन आलो. जांघेतून तार घालून हृदयापर्यंत नेतात आणि समोर पडद्यावर सगळं दाखवतात. डॉक्टर अगदी पोरगा होता, हुशार. त्याचे केस मात्र कुणी कापले होते कोण जाणे, कानामागे चक्क पायरी राहिली होती. तो म्हणाला, आजोबा, चार शिरा जोडल्या होत्या, त्यातल्या तीन बुजल्यात. चौथीतून थोडं थोडं जातंय त्यावर तुम्ही चाललाय. पुन्हा ऑपरेशन करायला हवं, आणि ते बँकॉकलाच.

मी विचारलं, पहिल्यासारखंच ना? तो खरं ते बोलला. दुसऱ्या वेळी छाती उघडणं अवघड असतं. पहिल्या वेळची जखम आतून भरताना हृदय हाडाला चिकटून बसतं. हाड कापताना हृदयालाच धक्का लागू शकतो. शंभरातले आठ-दहा टेबलावरून उठत नाहीत.

मी नको म्हणून सांगून आलो.

ताई, रागावू नकोस, नीट वाच. मला एकोणपन्नासाव्या वर्षीच जायचं होतं. वर बारा वर्षं मिळाली. या बारा वर्षांत पोरीचं लग्न पाहिलं, आईच्या चितेला हात लावायला मिळाला, नातू माझ्याच खुर्चीत बसून पहिल्यांदा केस कापताना भोकाड पसरून रडला. पन्नाशीनंतर मी पोहायला शिकलो, तुला ठाऊक आहे का? पंगतीत पोटभर वाढलं असताना पुन्हा ताट पुढे करणाऱ्याला आपण काय म्हणतो? मला तसं व्हायचं नाही. मी समाधानी आहे. कुणाबद्दल तक्रार नाही, तुझ्याबद्दल तर मुळीच नाही.

सातोच्या शेंगा पाठवल्यात. वास येईल, पण तू खाशील.

थावी

•

नोन्थाबुरी
८ मार्च २५४१

थावी,

शेंगा मिळाल्या. खाल्ल्या नाहीत.

तुला एक सांगायचं आहे. बारा वर्षं सांगायचं राहिलंय. तुझं ऑपरेशन चाललं होतं त्या दिवशी मी हॉस्पिटलात नव्हते. तू शुद्धीवर आल्यावर मी सांगितलं, बाकावर बसून होते म्हणून. ते खोटं. सात तास झाले तरी कुणी बाहेर येईना, तेव्हा मी उठून पाक क्रेतच्या विहारात गेले आणि थोरल्या मूर्तीपुढे नवस बोलले. थावी बरा झाला तर पंधरा दिवस भिक्खू होऊन चीवर घालील, असं. तुझ्या नावानं बोलले. तुला न विचारता.

माझ्या हातात दुसरं द्यायला काय होतं? मी बाई, मला चीवर मिळत नाही. आणि तू विशीत भिक्खू झाला नाहीस. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलास. गावात तुला पाठीमागे 'कच्चा' म्हणत होते, चीवर न घातलेल्याला म्हणतात तसं, आणि आई ते ऐकत होती. मुलाच्या चीवराचा पदर धरून आई स्वर्गात जाते म्हणतात. आपल्या आईला तो पदर मिळाला नाही. मला वाटलं, एका नवसात दोघांचं भलं होईल.

मग तू वाचलास. डॉक्टर म्हणाले, सहा महिने जपा. सहा महिन्यांनी तू दुकान उघडलंस. मग तू इतका हसत होतास की सांगावंसं वाटेना. आईच्या अंत्यविधीला तुझ्या चुलत पुतण्यानं एका दिवसाचं चीवर घातलं, तेव्हा तुला सांगणार होते, तर शवपेटीवरच्या फुलांवरून आपलं भांडण झालं. अशी बारा वर्षं गेली. आता तुझ्या शिरा बुजल्या. नवस राहिला म्हणून बुजल्या, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी बोलले, आणि भोगतो आहेस तू.

मला जे बोलायचं ते बोल. पण ऑपरेशनला ये.

लमय

•

पात्तालुंग
२१ मार्च २५४१

ताई,

तुझं पत्र मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचत होतो, कारण वान्नीचा चष्मा फुटलाय. निम्म्यात आल्यावर कळलं की हे मोठ्यानं वाचायला नको होतं, पण तोवर गाडी पुढे गेली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं. आता जो दाढीला येतो तो विचारतो, काय थावी, वस्तरा स्वतःवर कधी?

मला राग आला, लपवत नाही. लोक नवसाला उकडलेली अंडी देतात, डुकराचं मुंडकं देतात, नाच ठेवतात. तू दुसऱ्याच्या डोक्यावरचे केस देवाला देऊन आलीस. तेही न्हाव्याच्या. चार दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. एका माणसाची मिशी एका बाजूनं जास्त गेली.

पाचव्या दिवशी विहारात गेलो. आमच्या मोठ्या भन्तेंना तू ओळखतेस, लहानपणी माझ्याबरोबर तलावात म्हशी धुवायला असायचे. म्हटलं, भन्ते, मला पंधरा दिवस चीवर द्या. बहिणीचा नवस फिटला की मी मोकळा. मग ऑपरेशन नको आणि काही नको.

त्यांनी विचारलं, "बहीण नेमकं काय बोलली होती?"

"बरा झाला तर चीवर घालील."

"मग झालास का बरा?"

"नाही."

"बरा होऊन ये. आजाऱ्याला मी चीवर देत नाही."

मी म्हटलं, "दीक्षेच्या वेळी पाच रोग आहेत का म्हणून विचारता, कुष्ठ, गळू, खरूज, क्षय, फेफरं. त्यात हृदय नाही. मी ऐकलंय, मी आतापर्यंत चारशे जणांची डोकी दीक्षेसाठी भादरलीत."

ते म्हणाले, "त्या काळी हृदय बिघडलं की विचारायला माणूसच उरत नसे." आणि हसले. मला हसू येईना. मग त्यांनी चहा ओतला आणि सरळ विचारलं, "थावी, तू समाधानी आहेस की घाबरलेला आहेस?"

ताई, मी घाबरलोय. तुला लिहिलं ते ताटाबिटाचं खोटं नव्हतं, पण निम्मंच होतं. मागल्या वेळी जाग आली तेव्हा घशात नळी होती, हात बांधलेले होते, ओरडावंसं वाटत होतं आणि आवाज नव्हता. बारा वर्षं झाली तरी मी उताणा झोपत नाही, वान्नीलासुद्धा कारण माहीत नाही. ते पुन्हा नको म्हणून मी एवढं समाधान दाखवत होतो. भन्तेंना हे सांगताना मी रडलो. माझ्यासमोर म्हशीवरून पडलेला माणूस, त्याच्यासमोर रडायला लाज वाटली नाही.

ते म्हणाले, "मिळालेल्याबद्दल खरंच कृतज्ञ असशील ना, तर आणखी मिळत असताना हात मागे घेऊ नकोस. वाढणाऱ्याचा अपमान होतो."

येतो मी. सोंग्क्रानची, नव्या वर्षाची सुट्टी संपली की डॉक्टर सोमनुकना विचार. आणि त्या शिरा नवसामुळे बुजल्या हे डोक्यातून काढून टाक. पायातली शीर दहा-बारा वर्षांत अशी बुजतेच, असं त्या पोरगेल्या डॉक्टरानं मला चित्र काढून दाखवलंय.

थावी

•

नोन्थाबुरी
२९ मार्च २५४१

थावी,

पत्र तीनदा वाचलं. उताणा झोपत नाहीस हे मला माहीत होतं. माझ्याकडे दोन महिने होतास तेव्हा बघत होते. विचारलं नाही, कारण मग मला तुला नवसाचं सांगावं लागलं असतं असं वाटायचं.

डॉक्टर सोमनुक आता मोठे साहेब झालेत, केस पांढरे झालेत. तुझं नाव सांगताच म्हणाले, "तो ड्रेसिंग करणाऱ्या नर्सचे केस कापून गेलेला न्हावी ना?" २२ एप्रिल ठरलीय. या वेळी पायातली शीर नाही, छातीच्या आतली एक धमनी वळवणार आणि एक डाव्या हातातली घेणार. मी विचारलं, न्हाव्याचा हात आहे, चालेल का? ते म्हणाले, त्याला मूठ आवळायला सांगू, धमनी दाबून धरू, पंजाचा रंग परत येतो का बघू, मगच घेऊ.

त्याला जागं करताना हात बांधू नका, हेही त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, त्या वेळी जवळ नर्स उभी ठेवतो.

मी या वेळी कुठे जाणार नाही. कुठल्याही देवाला काही बोलणार नाही. बाकावर बसणार.

ये.

लमय

•

पात्तालुंग
९ ऑगस्ट २५४१

ताई,

घरी येऊन महिना झाला. काल पहिल्यांदा वस्तरा हातात घेतला. गिऱ्हाईक म्हणून मेहुण्याला बसवला, म्हणजे कापलं तरी घरातल्या घरात. उजवा हात पूर्वीसारखाच आहे. डावा हात गाल ताणून धरायला लागतो, त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी बधिर वाटतं, पण पकड आहे. मेहुण्याची दाढी गुळगुळीत झाली. दुकानाच्या दारात पंधरा माणसं उभी राहून बघत होती, मला वाटलं आता टाळ्या वाजवतात की काय. मी त्यांना हाकललं आणि आत जाऊन थोडा वेळ बसलो. खूप बरं वाटत होतं.

जिना चढतो. जिभेखालची गोळी तीन महिन्यांत एकदाही घेतली नाही. दोन महिने तू मला पेज भरवलीस, पाठ पुसलीस, रोज सकाळी बागेत हाताला धरून फिरवलंस, आणि वर 'पाय ओढू नकोस' म्हणून ओरडलीस. त्याबद्दल मी तिथे काही बोललो नाही. समोर बोलता येत नाही मला, म्हणून आता लिहितो. तू होतीस म्हणून मी उठलो.

एक विचारायचं आहे. वान्नीला त्या दिवसाचं विचारलं की ती भांडी घासायला जाते. माझी एक दुपार कुठे गेली? सकाळी आत नेलं आणि मला जाग आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. डॉक्टर तर म्हणाले होते, सकाळी जागं करू.

थावी

•

नोन्थाबुरी
२४ ऑगस्ट २५४१

थावी,

वान्नीला मी शपथ घातली होती. आता तू वस्तरा धरलास, म्हणजे ऐकण्याइतका धड झालास.

ऑपरेशन नीट झालं होतं. हाडाला चिकटलेलं हृदय सोडवायलाच अडीच तास गेले, पण सोडवलं. दुपारी एकला तुला बाहेर आणलं. तीनला छातीतल्या नळीतून रक्त येतंय ते थांबेना, म्हणून पुन्हा आत नेलं आणि टाके उसवून पुन्हा छाती उघडली. एका दिवसात दोनदा. डॉक्टर सोमनुक जेवायला बसले होते, ताटावरून उठून गेले.

तुझ्या रक्तगटाची त्यांच्याकडे ठेवलेली पिशवी न् पिशवी संपत आली. मी आपल्या गल्लीत निरोप धाडला. तासाभरात एका टेम्पोतून अकरा माणसं आली. बागेतले कामगार होते, नूडल्सची गाडी लावणारी मालीबाई होती, शाळेचे चित्रकलेचे मास्तर होते, आणि कोपऱ्यावरचा तो भांडखोर, ज्याच्याशी माझा कुंपणावरून चार वर्षं अबोला होता. सात जणांचं रक्त जुळलं. त्याचंही जुळलं. बाहेर येऊन म्हणाला, "लमयबाई, कुंपणाचं नंतर बघू." मी तिथेच त्याला वाकून नमस्कार केला, वयानं तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे तरी.

मी बाकावर होते. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. नवस बोलायला जीभ वळवळत होती, पण तुला शब्द दिला होता. मग नुसतं तुझं नाव घेत बसले.

आता तुला आणखी एक सांगते, नवसाचं तू विसरलास तरी चालेल. तू आहेस एवढं पुरे. मी पाक क्रेतला जाऊन मूर्तीची माफी मागीन.

लमय

ता. क. सात जणांची नावं मागच्या बाजूला लिहिलीत.

•

पात्तालुंग
१२ सप्टेंबर २५४१

ताई,

सातही जणांना पत्रं टाकली. जन्मभर फुकट केस कापीन म्हणून लिहिलं. मालीबाईंना काय लिहावं कळेना, शेवटी त्यांच्या नवऱ्याचे कापीन असं लिहिलं.

माफी मागायला जाऊ नकोस. फेब्रुवारीत ६ तारखेला मोठे भन्ते मला दीक्षा देतायत, हात याईच्या डॉक्टरची लेखी परवानगी त्यांनी मागून घेतलीय. मी नवसाला घाबरून करत नाहीये. मला करायचंय. इतक्या जणांचं रक्त अंगात घेऊन नुसतं बसून राहवत नाही, कुणासमोर तरी डोकं टेकावंसं वाटतं.

प्रश्नोत्तरं पाठ करतोय. पाली काही डोक्यात राहत नाही. गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, ती चुका काढतात.

तू यायचं आहेस. पहिली बट तू कापायची.

थावी

•

नोन्थाबुरी
११ फेब्रुवारी २५४२

पूज्य भन्ते थावी,

आता तुला 'आपण' म्हणायला हवं. आपण बरे आहात ना? आपण औषधं वेळेवर घेता ना? दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाही हे मला मान्य आहे, पण रक्त पातळ करायची गोळी जेवणावर घ्यायची असते, तेव्हा आपण ती अकरा वाजताच घे. घ्यावी. जाऊ दे, मला हे जमत नाही.

मी कशी वागले त्याची माफी मागायला लिहितेय. सोहळ्यात बाईनं तोंड उघडायचं नसतं हे मला कळतं. पासष्ट वर्षांत शेकडो दीक्षा पाहिल्या, कधी खोकलेसुद्धा नाही. मागून लोक हसले ते मी ऐकलं. तुझ्या दीक्षेत माझ्यामुळे काही खोट राहिली असेल तर मोठ्या भन्तेंना विचार आणि कळव. पुन्हा करावी लागली तर मी तोंडाला पदर बांधून बसेन.

गाडीत बसेपर्यंत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. भिक्खूला हात लावायचा नाही, म्हणून लांबूनच निघाले. भुवया भादरल्यावर तू बाबांसारखा दिसतोस.

लमय

•

पात्तालुंग, विहारातून
१७ फेब्रुवारी २५४२

ताई,

भिक्खूनं पत्रात स्वतःला 'मी' म्हणू नये, पण पंधरा दिवसांचा भिक्खू आहे, मोठ्या भन्तेंनी सूट दिलीय.

तुला दारापाशी बसून सगळं दिसलं नसेल, म्हणून सांगतो. पाच रोग विचारले, पाचही वेळा 'नत्थि भन्ते' म्हटलं, नाहीत म्हणून. मग तू माणूस आहेस का, पुरुष आहेस का, स्वतंत्र आहेस का, याला 'आम भन्ते' म्हणायचं, होय म्हणून. सगळं घडाघडा येत होतं. मग विचारलं, आईवडिलांची परवानगी आहे का.

याचंही उत्तर तेच आहे, ताई. आईवडील हयात नसले तरी होयच म्हणायचं असतं. चारशे वेळा ऐकलंय मी ते. पण तोंड उघडेना. बाबा तलावात बुडून गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, त्यांचा चेहराही आठवत नाही. आणि आई परवानगी देऊन देऊन थकली होती, दर वर्षी देत होती, मीच घेतली नाही. आता कुठल्या तोंडानं होय म्हणू? एकवीस भिक्खू थांबले होते. दुसऱ्यांदा विचारलं. मला वाटलं, आता माझं हृदय बंद पडतंय.

तेव्हा मागून तू बोललीस. "दिलीय. मी दिलीय." बाजारात भाजीवाल्याला सांगावं तसं.

लोक हसले हे खरं. मोठे भन्ते हसले नाहीत. त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं, तुला ओळखलं, आणि मला हळूच म्हणाले, "थावी, घरचं माणूस होय म्हणालं. आता तू म्हण." आणि मी म्हटलं. खोट काही राहिली नाही, मी विचारलंय. ते म्हणाले, इतकी पक्की परवानगी त्यांनी कुठल्याच दीक्षेत ऐकली नव्हती.

बाबा गेल्यावर आई पहाटे शेतावर जायची आणि अंधार पडल्यावर यायची. मला कुणी वाढवलं हे ठाऊक असूनही ते कधी बोललो नाही मी. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस.

सोहळा झाल्यावर सगळे पाया पडायला आले. तूही आलीस, गुडघे टेकलेस, तीनदा डोकं जमिनीला लावलंस. तुझे गुडघे दुखतात हे मला दिसत होतं, आणि नियम असा की भिक्खूनं नमस्कार परत करायचा नाही. मी पुतळ्यासारखा बसून राहिलो. ऑपरेशनच्या दोन्ही वेळा मिळून जेवढं सोसलं नाही तेवढं तेव्हा सोसलं.

रविवारी चीवर उतरवतो. सोमवारच्या गाडीनं निघतो, मंगळवारी सकाळी तुझ्या दारात असेन. तू खुर्चीवर बसून राहायचंस, उठायचं नाही, हात जोडायचे नाहीत, मला आवरायचं नाही. या वेळी मी वाकणार आहे.

थावी